सेबाचा खाडा

आमच्या मस्टरवर खाड्याचं कारण लिहायला रकाना नव्हता. मजूर आला तर उभी रेघ, अर्धा दिवस भरला तर तिरकी, आणि आलाच नाही तर फुली. १९८३ साली रोजगार हमीच्या एका पाझर तलावावर मी मस्टर असिस्टंट म्हणून चिकटलो. पहिल्याच सकाळी मुकादम म्हणाला, “साहेब, फुली मारा आन् फुडं व्हा. का नाय आला ते इचारत बसलात तर दुपारपत्तुर हजेरी संपायची नाय.” मी पुढे होत राहिलो. निवृत्त होईपर्यंत किती फुल्या मारल्या, कोण जाणे.

हे सगळं वर यायला निमित्त झालं एका दगडाचं.

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे लंडनला गेलो होतो. नातू सात वर्षांचा, त्याला ममी बघायची होती. ब्रिटिश म्युझियमच्या वरच्या मजल्यावर ममींपुढे ही गर्दी, जणू आषाढीचं पंढरपूर. माझी ममीची हौस शाळेच्या सहलीतच फिटली होती, बडोद्याला, सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये. त्या रात्री धर्मशाळेत मी दिवा मालवू दिला नव्हता. तेव्हा बायको आणि नातू पुढे गेले आणि मी इजिप्तच्याच दालनांतून एकटा रेंगाळत फिरायला लागलो. एका कपाटात सोनं नाही, नक्षी नाही, असा एक ओबडधोबड दगड ठेवलेला. चुनखडीची चीप म्हणा हवं तर. सव्वा फूट उंच, त्याहून थोडी कमी रुंद. तिच्यावर किरट्या अक्षरात ओळींमागून ओळी. तसं मी पुढेच गेलो असतो, पण एक गोष्ट ओळखीची वाटली. उजव्या कडेला एकाखाली एक नावं असावीत असा उभा पट्टा, नावासमोर आडव्या ओळीत बारके बारके आकडे, आणि आकड्यांच्या डोक्यावर तांबड्या शाईत काहीतरी गिचमिड.

म्हटलं, हे मस्टर आहे.

खाली लावलेली पाटी वाचली, तर खरंच मस्टर. दुसऱ्या रामेसेसच्या राजवटीचं चाळिसावं वर्ष, म्हणजे इसवी सनापूर्वी साधारण १२४०. चाळीस कामगार, २८० दिवस. लिहिलेत ते फक्त खाडे. जो आला तो आला, त्याच्याबद्दल लिहायचं काही नाही. जो आला नाही त्याच्या नावापुढे काळ्या शाईत तारीख, आणि तारखेच्या वर तांबड्या शाईत कारण. आमच्या कचेरीत याला शेरा म्हणायचे, आणि तोही तांबड्या शाईतच असायचा.

सेबा नावाच्या माणसाला विंचू चावला. पेन्नुबची आई आजारी होती. हुयनेफेरचे डोळे दुखत होते, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा. कुणी घर बांधत होता. कुणाच्या घरी सण होता. कुणी आईचं प्रेत गुंडाळायला गेला होता, कुणी गेलेल्या माणसासाठी पाणी सोडायला. एक जण बिअर गाळत होता. हे वाचून आपल्याला हसू येतं, पण त्यांची बिअर हे जेवणच होतं, आपल्याकडे अंबिल असते तशातलं, आणि सणावाराला ती घरीच करावी लागे. एकाच्या नावावर ‘खोन्सूसोबत पिणे’ असा शेरा आहे. खोन्सू हा चंद्राचा देव, आणि गावात त्या नावाची माणसंही होती. तेव्हा देवाच्या उत्सवाला गेला की शेजाऱ्याकडे बसला, याचा निकाल लावायच्या भानगडीत मी पडणार नाही. पहेरीपेजेत नावाचा गडी मात्र स्वतः आजारी नव्हता. तो दुसऱ्यांसाठी औषधं तयार करायला थांबलेला असे. हजेरीत खाडा त्याचा, आजारपण भलत्याचंच.

तारखा त्यांच्या हंगामांप्रमाणे घातल्यात. वर्षाचे तीन हंगाम. नदीला पूर येतो तो आखेत, पाणी ओसरून जमीन उघडी पडते आणि पिकं वर येतात तो पेरेत, कापणीचा आणि उन्हाचा तो शेमू. पेरेतचा आपल्या पेरणीशी भाषेच्या अंगाने काडीचाही संबंध नाही, हे मला माहीत आहे. तरीसुद्धा कानाला बरं वाटलं.

मग एक शेरा असा, की मी पाटीवर वाचलेलं बरोबर समजलो ना म्हणून लेकीला फोनवर विचारलं. बायको किंवा मुलगी ‘बाहेरची’ असल्यामुळे गैरहजर. हो, नवऱ्याचा खाडा, बापाचा खाडा. आता याचा अर्थ काय, यावर अभ्यासकांत वाद आहेत. घरची बाई बाजूला बसली म्हणून चूल-पाणी-पोरं पुरुषावर आली, की राजाच्या थडग्यात कामाला जायचं तर विटाळ चालत नव्हता? लेक म्हणाली, “बाबा, मला पहिलं कारण खरं असलेलं आवडेल.” आमच्या आईच्या वेळी घरी ते चार दिवस वडीलच पिठलं-भात रांधायचे आणि तिला लांबून वाढायचे, हे तिला मी पहिल्यांदाच सांगितलं. त्यासाठी वडिलांनी कचेरीतून रजा काढल्याचं मात्र ऐकिवात नाही.

ही सगळी माणसं देर अल मदिना नावाच्या गावातली. नाईलच्या पश्चिम काठावर, आजच्या लक्सरसमोर, डोंगराच्या बेचक्यात हे गाव होतं. फिरऊनांची, म्हणजे इजिप्तच्या राजांची, थडगी ज्या दरीत खोदायची, तिथले पाथरवट, गिलावा करणारे, चित्रकार यांची सरकारी वसाहतच ती. भोवती कुसू, कुसवाच्या आत सत्तरच्या आसपास घरं, भिंतीला भिंत लागून, लांबट, एकामागे एक खोल्या आणि वर धाबं. आगगाडीच्या डब्यासारखी घरं म्हणतो ना आपण, तशीच. गावात पाण्याचा थेंब नाही. पाणी खालून गाढवांवर यायचं. पाणी लागावं म्हणून गावाशेजारी पन्नास मीटरच्या आसपास खोल खड्डा खणला. पाणी लागलं नाही ते नाहीच. मग गावाने त्या खड्ड्यात कचरा टाकला. बर्नार ब्रुयेर नावाच्या फ्रेंच माणसाने १९२२ ते १९५१ या काळात गावाचं उत्खनन केलं, तेव्हा त्या खड्ड्यातून लिहिलेल्या चिपा आणि खापऱ्या निघाल्या, हजारोंनी. उसनवारीच्या नोंदी, धुण्याच्या याद्या, भाड्याने दिलेल्या गाढवांची भांडणं, घरगुती चिठ्ठ्या. कोरड्या खड्ड्यातून इतकं काही निघाल्याचं मी तरी दुसरं उदाहरण ऐकलेलं नाही, आणि मी कोरडे खड्डे पुष्कळ पाहिलेत, त्यांची मोजमापंही लिहिली आहेत.

लिहायला दगड का, तर पपायरसचा कागद महाग आणि चिपा फुकट. थडगं खोदताना चुनखडीच्या ढिगानेच निघायच्या. खोदकामातल्या ढलप्यांवरच खोदणाऱ्यांची हजेरी.

कामाची पद्धतही मस्टरवाल्याला लगेच कळण्यासारखी. त्यांचा आठवडा दहा दिवसांचा, आठ दिवस काम, दोन सुट्टी. होडीच्या वल्हेकऱ्यांसारखी टोळीची डावी बाजू आणि उजवी बाजू, प्रत्येकीला एक मुकादम, आणि हिशेबाला लेखनिक. तांब्याच्या छिन्न्या सरकारी. तोलून द्यायच्या, बोथट झाल्या की तोलून परत घ्यायच्या. आत अंधार, म्हणून जुन्या तागाच्या कापडाच्या वाती वळून चरबीत भिजवायच्या, आणि सकाळी किती जळल्या, दुपारी किती, हेही लिहून ठेवायचं. आमच्याकडे घमेली आणि पहारींची अशीच नोंद असे. एक घमेलं कमी भरलं म्हणून मी एका माणसाला अख्खी संध्याकाळ बसवून ठेवलं होतं. ते पुढे पाण्यात सापडलं.

खाड्यांत ‘लेखनिकासाठी दगड वाहणे’ असंही कारण आहे. म्हणजे साहेबाचं खासगी काम. थोडंफार चालतच असावं ते, नाहीतर असं उघड कोण लिहील! पण त्याच सुमाराला केनहेरखेपेशेफ नावाचा एक लेखनिक गावात होता. त्याचं अक्षर इतकं गचाळ, की आज तज्ज्ञ केवळ अक्षरावरून त्याला ओळखतात. त्याला पारेहोतेप नावाच्या चित्रकाराने पाठवलेली तक्रार शिल्लक आहे. मतलब असा: मी तुमच्या लेखी गाढव झालोय. काम निघालं की गाढवाला आणा, चारा आला की बैलाला बोलवा. बिअर असली की माझी आठवण नाही, काम असलं की शोधत येता. लेखनिकाने यावर काय उत्तर दिलं ते ठाऊक नाही. मी असतो तर दिलं नसतं. चिठ्ठी मात्र जपून ठेवली असती.

मजुरी धान्यात. साध्या कामगाराला महिन्याला चार खार एमर गहू आणि दीड खार जव, जव बिअरसाठी. एमर म्हणजे आपला खपलीच. चार खार म्हणजे तीनशे लिटरच्या आसपास भरतं. घरात खाणारी तोंडं आणि वर देवाणघेवाणीचं चलनही तेच, तेव्हा फार नाही. शिवाय मासे, भाजी, तेल, कापड, सरपण वरून यायचं. यायचं म्हणजे यायला हवं.

तिसऱ्या रामेसेसच्या २९व्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी ११५७च्या सुमाराला, ते यायचं थांबलं. आमेननाख्त नावाच्या लेखनिकाने जे घडलं ते पपायरसवर लिहून ठेवलं. तो आता इटलीत तुरीनच्या म्युझियममध्ये आहे. कामगार पहाऱ्याच्या भिंती ओलांडून बाहेर पडले आणि तिसऱ्या थुतमोसच्या देवळामागे जाऊन बसले. महिन्याचे अठरा दिवस उलटले, आम्ही उपाशी आहोत. भूक आणि तहान आम्हाला इथे घेऊन आली. कापड नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही. राजाला लिहा, वजिराला लिहा. संप कशाला म्हणतात हे माहीत नसलेल्या लोकांनी केलेला संप. त्यात मला सर्वांत आवडला तो मोंतुमेस, पोलिसांचा प्रमुख. त्याने त्यांना सांगितलं, हत्यारं गोळा करा, दारांना कुलपं लावा, बायकापोरांना बरोबर घ्या, मी पुढे चालतो. थकलेली मजुरी त्यांना मिळाली, आणि पुढे पुन्हा थकली.

आमच्याकडेही एकदा दोन आठवड्यांची मजुरी अडकली होती. जिथून पैसे सुटायचे त्या कचेरीत बिलावर कुणाची तरी सही राहिली होती. बायामाणसं माझ्या टेबलाभोवती बसली. ओरडली नाहीत, नुसती बसली. मी रोज मस्टर उघडून त्यांना दाखवायचो, हे बघा, तुमच्या हजेऱ्या लागलेल्या आहेत, चूक माझी नाही. खरं होतं ते. पण चौथ्या दिवशी एक म्हातारी म्हणाली, “ह्या रेघा भाजून खाऊ का रं बाबा?” त्यानंतर मी मस्टर उघडायचं बंद केलं. आमेननाख्तनेही असंच काहीतरी ऐकलं असणार, पण त्याने निदान ते लिहून ठेवलं.

परत हुयनेफेरकडे येतो, कारण त्याचे डोळे माझ्या डोक्यातून जात नाहीत. खोल भुयारात चुनखडीची पूड, वातीचा धूर आणि मिणमिणता उजेड. बाहेर आलं की पांढऱ्या डोंगरावरून आदळणारं ऊन. पाय नावाच्या एका चित्रकाराने आपल्या मुलाला, तोही चित्रकारच, एका चिपेवर निरोप पाठवलाय. मी अंधारात आहे, मला पाठ दाखवू नकोस. डोळ्यांत घालायला मध आण, गेरू आण, खरं काजळ आण. मी तुझा बाप ना? मला दिसायला हवंय. ज्याने आयुष्यभर रंगच लावले, त्याचं हे मागणं.

दिसेनासं झालं की देव कोपला असंही धरत. नेफेराबू नावाच्या कामगाराने दगडी शिळेवर कोरून कबूल केलंय, की मी प्ताह देवाची खोटी शपथ घेतली म्हणून त्याने मला दिवसाढवळ्या काळोख दाखवला. तीही शिळा ब्रिटिश म्युझियमचीच. याच माणसाने दुसऱ्या एका शिळेवर मेरेतसेगेरपाशी अपराध कबूल केलाय. मेरेतसेगेर म्हणजे गावामागच्या डोंगराच्या सुळक्याची देवी; नावाचा अर्थ ‘जिला शांतता आवडते ती’. चुकलं तर चावणारी, पाया पडलं तर सावरणारी, नागिणीच्या रूपातली. डोंगरावरच्या अशा आईचा अर्थ मला फोडून सांगायला पाटीची गरज पडली नाही. विंचवाचा बंदोबस्त तिच्यावरच सोडला नव्हता मात्र. टोळीत विंचू उतरवणारा एक अधिकृत माणूस असे आणि त्याला धान्य मिळे. आपल्याकडे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपाय पक्का करेपर्यंत कोकणातली किती घरं मांत्रिकावरच होती. तेव्हा सेबाला हसायचा हक्क आपल्याला फार जुना नाही.

आणि ह्या असल्या, डोळे गेलेल्या, विंचू चावलेल्या, मजुरी थकलेल्या माणसांनी आत काय करून ठेवलंय! होरेमहेब राजाच्या थडग्यात काम अर्धवट राहिलंय, त्यामुळे ते कसं चालायचं ते टप्प्याटप्प्याने दिसतं. आधी तांबड्या रेघांची चौकट. उभ्या माणसाला तळपायापासून केसांच्या रेघेपर्यंत अठरा चौकोन, असं शतकानुशतकं ठरलेलं माप. मग तांबड्या रेघेने आकृती, मग त्यावर वरच्या हाताने काळ्या रेघेने दुरुस्ती, मग छिन्नी, शेवटी रंग. इथेही तांबडं आणि काळं. काही ठिकाणी काळी रेघ तांबडीपासून जरा सरकलेली आहे, नाकाशी, खांद्याशी; म्हणजे इथे कुणीतरी कुणाला बोललं असणार.

देवांची आणि राजांची चित्रं अशी मापात. सुट्टीत मात्र हेच लोक चिपांवर काय वाटेल ते काढत. उंदीर मालकीण आणि मांजर तिची चाकरी करतंय. केस जमिनीला टेकेपर्यंत मागे वाकलेली नाचणारी पोर, ती चीप तुरीनला आहे. आणि एक चीप आहे केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये, लेकीने तिचं चित्र मला लॅपटॉपवर मोठं करून दाखवलं. एक पाथरवट. डोक्यावर केस नाहीत, नाक बटाट्यासारखं, हनुवटीवर चार दिवसांची खुंटं टिंब टिंब करून काढलेली, हातात छिन्नी आणि मोगरी, आणि तोंड उघडं. ठोका घालताना तोंड उघडं राहतं काही माणसांचं. आमच्या कामावर असा एक होता, त्याच्या तोंडात कपची जायची. अठरा चौकोनांच्या मापात हा बसणार नाही. शेजारी काम करणाऱ्यानेच काढलेला असणार, आणि तो बघून टोळीत खसखस पिकली असणार.

स्वतःची थडगीही त्यांनी गावाशेजारीच खोदली, सुट्टीच्या दिवसांत, एकमेकांना हात देऊन. सेन्नेजेम नावाच्या कामगाराचं १८८६ साली न फुटलेलं सापडलं. मी ते फोटोतच पाहिलंय. आत पिवळ्याधमक भिंतीवर तो आणि त्याची बायको इनेफेर्ती परलोकातल्या शेतात आहेत. पांढरे स्वच्छ कपडे, तो विळ्याने कणसं कापतोय, ती मागून वेचतेय. नांगरतोय तो, पेरतेय ती. जन्मभर दगडात गेलेल्या माणसाने मेल्यावर बागायतदार व्हायचं ठरवलं. पण कष्ट काही चुकले नाहीत, हे बघा.

त्यावर त्यांनी तोडगा काढला होता. त्याच मजल्यावर एका कपाटात बोटाएवढ्या, वीतभर अशा बाहुल्या रांगेने उभ्या होत्या, काही निळ्या झिलईच्या, हात छातीवर घेतलेल्या, हातात कुदळी, पाठीवर पिशवी. उशाब्ती. प्रेताबरोबर ठेवायच्या. अंगावर मंत्र लिहिलेला असतो, आणि तो मी लेकीकडून दोनदा समजून घेतला. परलोकात जर अमुक-तमुक माणसाला कामावर बोलावलं, शेतं तयार करायला, काठच्या जमिनीला पाणी द्यायला, पूर्वेची वाळू पश्चिमेला वाहायला, तर बाहुले, तू म्हणायचंस: “हा मी इथे आहे!” म्हणजे मेल्यावरही हजेरी होतीच. पुकारा व्हायचा, आणि ‘हजर’ म्हणायला बदली कामगार पाठवलेला. पुढे पुढे तर वर्षाच्या दर दिवसाला एक अशा ३६५ बाहुल्या, आणि दर दहांमागे एक मुकादम, असे ३६. एकूण ४०१. पाणी देणं, वाळू वाहणं, जमीन सारखी करणं: रोजगार हमीच्या कामांची यादीच ती. मी हसायला लागलो, तेव्हा शेजारची गोरी बाई जरा सरकून उभी राहिली.

नातू ममी बघून आला. त्याला ममीपेक्षा ममी केलेलं मांजर आवडलं होतं. बायकोने विचारलं, “तुम्ही इतका वेळ काय बघत होतात?” मी म्हटलं, मस्टर. ती म्हणाली, “इथेसुद्धा?” आणि बाकावर जाऊन बसली.

निघण्याआधी मी पुन्हा त्या चिपेपाशी गेलो. ती लिपी मला वाचता येत नाही, पण खाडे मोजता येतात. सगळ्यांत कमी तांबडं कुणाच्या ओळीत आहे ते बघत होतो. वरून खाली बोट नेत होतो, काचेला न लावता. मध्यावर आलो आणि मागून कुणाची तरी सावली काचेवर पडली, ओळ हरवली. पुन्हा वरून सुरू केलं.